अक्षर राखणारी साधने : मुक्त संगणकप्रणाली आणि मराठी नोंदींचा इतिहास

ईस्ट इंडिया कंपनीचे सुरतेतील दलाल भीमजी पारेख यांनी सतराव्या शतकात विलायतेहून छापखाना मागवला, ही हकीकत भारतीय मुद्रणाच्या इतिहासात नोंदली गेली आहे. आपल्याकडील प्राचीन ग्रंथ छापून निघावेत, अशी त्यांची मनीषा होती. त्यांच्या विनंतीवरून १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक यंत्रसामग्रीसह मुंबईस उतरला. यंत्र आले, कागद आला, मुद्रकही आला. परंतु देशी लिपीचे खिळे पाडण्याची विद्या त्या मुद्रकापाशी नव्हती. भीमजींनी आपल्या माणसांकरवी खिळे पाडून पाहिले. पण ग्रंथ छापण्याचा त्यांचा संकल्प काही सिद्धीस गेला नाही. देवनागरी खिळ्यांत मराठी ग्रंथ छापले जाण्यासाठी एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

सुरतेच्या इतिहासातील हा प्रसंग गेली काही वर्षे मला वारंवार आठवतो, त्याचे कारण संगणक. यंत्र आपल्या दाराशी येते, पण आपले अक्षर त्याच्यासोबत येत नाही. ते मागाहून घडवून घ्यावे लागते. आणि घडवून घेतलेले अक्षर कोणाच्या ताब्यात आहे, हे पाहिले नाही तर केलेले सारे श्रम एके दिवशी हातातून निसटतात. हा धडा आपल्या ग्रंथालयाने किंमत मोजून घेतला आहे. शताब्दीच्या ग्रंथात संगणकाच्या आज्ञावलींचा विचार कशासाठी, असा प्रश्न ज्या वाचकांच्या मनात उद्भवेल, त्यांच्यासाठी प्रथम तीच हकीकत सांगतो.

पुरात वाचलेली, पण न वाचता येणारी यादी

सुरतेत मराठी माणूस नवा नाही. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर येथे शिक्षक होते आणि दुर्गाराम मेहताजींच्या सोबतीने १८४४ मध्ये त्यांनी मानवधर्म सभा याच शहरात स्थापन केली. पुढे तापीच्या खोऱ्यातून लोहमार्ग आला आणि खानदेशातली माणसे गिरण्यांच्या आणि मागांच्या ओढीने येथे येत राहिली. तापी उत्तरेकडे ओलांडली की उत्राणनंतर कोसाड लागते. मी तेथे राहतो. माझ्या शेजारपाजारी अहिराणी, मराठी, गुजराती, हिंदी, उडिया अशा भाषा एकाच जिन्यावर कानी पडतात. अशा वस्तीतून ज्या वाचकांनी आठवड्याला एक पुस्तक बदलण्यासाठी शहराची वाट तुडवली, त्यांच्या वर्गणीवर आपले ग्रंथालय उभे राहिले.

१९९८ साली ग्रंथालयाने एक संगणक घेतला. त्या वेळचे ग्रंथपाल, ज्यांना आम्ही सारे नाना म्हणत असू, यांनी मला बोलावून सांगितले, "सर, आपली सगळी पत्रे ह्या यंत्रात चढवायची. माझ्यामागे कोणाला माझे अक्षर लागेल न लागेल." पत्रे म्हणजे सूचिपत्रे, लाकडी खणांत ओळीने लावलेली. त्यांवर केवळ लेखक आणि शीर्षक नव्हते. पुस्तक कोणी दिले, कोणाच्या स्मरणार्थ दिले, कोणती प्रत दुर्मीळ, कोणत्या प्रतीची पाने गहाळ, हे सारे नानांच्या आणि त्यांच्या आधीच्या ग्रंथपालांच्या हस्ताक्षरात होते. दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्यांत आम्ही सुमारे साडेपाच हजार नोंदी टंकित केल्या. त्यासाठी त्या काळी बाजारात मिळणारी एक मराठी टंकलेखनाची आज्ञावली वापरली होती. अक्षरे सुबक उमटत आणि नाना समाधानाने मान हलवीत.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. ग्रंथालयाच्या तळमजल्यावरचे खण भिजले. पत्रांची शाई पसरली, कागदाचा लगदा झाला. संगणकही त्याच खोलीत होता. सुदैवाने यादीची एक प्रत मी तबकडीवर घेऊन घरी ठेवली होती. ती तबकडी घेऊन मी नानांकडे गेलो, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पुरानंतर प्रथमच हसू दिसले. ते फार टिकले नाही. दुसऱ्या संगणकावर ती यादी उघडली तेव्हा पडद्यावर रोमी अक्षरे, विरामचिन्हे आणि चौकोन यांची खिचडी दिसली. ज्या आज्ञावलीत ती लिहिली होती, ती बुडालेल्या यंत्राशी बांधलेली होती. नवी प्रत मागवली तर तिची अक्षररचना बदललेली निघाली. पत्रे पाण्याने गेली होती; यादी शाबूत होती, पण वाचता येत नव्हती.

असे का घडले, हे समजून घेतल्यावाचून पुढचा विचार करता येणार नाही. त्या काळच्या बहुतेक मराठी फाँटांत मराठी अक्षर मुळी साठवलेच जात नसे. साठवला जाई तो रोमी अक्षराचा क्रमांक. फाँट त्या जागी काना, वेलांटी किंवा अर्धे अक्षर यांचे चित्र दाखवी. कोणत्या क्रमांकावर कोणते चित्र, हे प्रत्येक निर्मात्याने आपापल्या सोयीने ठरवले होते. म्हणजे फाँट हीच किल्ली होती आणि ती दुसऱ्याच्या खिशात होती.

१९९१ हे साल

ह्या गुंत्यातून सुटण्याचा मार्ग ज्या घटनांनी मोकळा केला, त्यांतील अनेक एकाच वर्षात घडल्या, हा योगायोग मोठा लक्षणीय आहे. १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने इस्की ही भारतीय लिप्यांची सांकेतिक प्रमाणपद्धती स्वीकारली. कानपूरच्या आयआयटीत आणि पुढे १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत झालेल्या कामाची पार्श्वभूमी तिला होती. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांना सामावून घेऊ पाहणाऱ्या युनिकोड प्रमाणाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली आहे. त्याच सुमारास नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठात फ्रान्स फेल्टहाउस यांनी टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीसाठी देवनागरी सिद्ध केली. आणि त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. तीच पुढे लिनक्स म्हणून प्रसिद्धीस आली.

तिची पूर्वपीठिका जुनी आहे. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली घडवण्यास आरंभ केला. एक साधन एकच काम करील, पण ते नीट करील, आणि एकाचे फलित दुसऱ्याच्या हाती देता येईल, ही तिची रीत होती. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. आज्ञावली वापरण्याचे, तिची घडण वाचण्याचे, तीत बदल करण्याचे आणि ती दुसऱ्यास देण्याचे स्वातंत्र्य वापरणाऱ्याला असले पाहिजे, हे तत्त्व त्यांनी परवान्याच्या कायदेशीर भाषेत बांधले. टोरवाल्ड्स यांनी १९९२ मध्ये तोच परवाना स्वीकारला. त्याच वर्षी केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात बसून यूटीएफ-८ ही युनिकोड साठवण्याची पद्धत आखली. आज जगातील बहुतेक मजकूर ह्याच पद्धतीत साठवला जातो.

मराठीपर्यंत हे सारे पोहोचण्यास पुढे दहा-पंधरा वर्षे गेली. २००० च्या आसपास इंडलिनक्स या नावाने एकत्र आलेल्या मंडळींनी भारतीय भाषांतील लिनक्सचे काम हाती घेतले. लोहित या मालिकेतील देवनागरी फाँट मुक्त परवान्याने उपलब्ध झाले. ग्नोम आणि केडीई यांचे मराठी अनुवाद स्वयंसेवकांनी केले. २००७ मध्ये सी-डॅकने डेबियनच्या पायावर बॉस ही भारतीय भाषांची लिनक्स प्रणाली प्रसृत केली. मात्र मराठीची म्हणून जी खास गरज होती, ती आणखी मागे राहिली. 'ॲ' ह्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ च्या युनिकोड आवृत्तीत. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमालेविषयीचा आदेश काढला. अक्षर मागून येते, हे भीमजींच्या काळचे सत्य असे पुन्हा प्रत्ययास आले.

निवडीच्या चार कसोट्या

लिनक्सवर साधनांचा तुटवडा नाही. खरी अडचण विपुलतेची आहे. डेबियनच्या भांडारात हजारो आज्ञावली आहेत. नवशिक्याला जे हाती येईल ते चालते. पण ज्याला रोज लिहायचे आहे, शोधायचे आहे, सूची करायची आहे, अशा सराईत वापरकर्त्याला पारख लागते. ती पारख गुणांच्या लांबलचक यादीने होत नाही, असा माझा अनुभव आहे. मी प्रत्येक साधनाला चारच प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न असा की, हे साधन उद्या नाहीसे झाले तर माझा मजकूर मला वाचता येईल काय? साधा मजकूर यूटीएफ-८ मध्ये असेल तर कोणत्याही संपादकात तो उघडतो. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलेल्या मुक्त दस्तऐवज पद्धतीत असेल, तर लिबरऑफिस सोडून इतर आज्ञावलींनाही तो वाचता येतो. तबकडीवरची आमची यादी ह्याच एका प्रश्नावर नापास झाली होती.

दुसरा प्रश्न मराठीचा. यासाठी मी एक छोटी परीक्षा बेतली आहे आणि ती कोणासही घेता येईल. 'दुसऱ्या', 'ॲलोपॅथी', 'धर्म', 'स्थिती' आणि 'ळ' असलेले काही शब्द त्या साधनात लिहावेत, शोधावेत आणि अकारविल्हे लावून पाहावेत. 'ऱ्या'मधला अर्धचंद्रासारखा र मराठीचा विशेष आहे. तो युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो: ०९३१ ह्या क्रमांकाच्या र ने, किंवा साधा र, हलन्तचिन्ह आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनी. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना यंत्र त्यांना दोन वेगळे शब्द समजते. 'ॲ'चेही तसेच आहे. जुन्या लिखाणात तो 'अ' आणि अर्धचंद्र असा दोन चिन्हांचा असतो, नव्या लिखाणात एकाच चिन्हाचा. क्रमवारीची गोष्ट आणखी निराळी. शाळेत शिकलेल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो. युनिकोडच्या क्रमांकांत तो ल च्या लगेच मागे आहे. नव्या 'ॲ'चा क्रमांक तर ०९७२, म्हणजे ह च्याही फार पुढे. निव्वळ क्रमांकांवर भिस्त ठेवणारे साधन ॲलोपॅथीचे पुस्तक यादीच्या अगदी शेवटी नेऊन ठेवील आणि वाचक ते नाहीच असे समजून परत जाईल. ज्या साधनाला मराठीची क्रमवारी सांगता येते, तेच सूचीच्या कामाला योग्य.

तिसरा प्रश्न, हे साधन दुसऱ्याच्या हाताला हात लावते काय? युनिक्सची जुनी रीत येथे उपयोगी पडते. एकाने शोधावे, दुसऱ्याने बदलावे, तिसऱ्याने क्रम लावावा. जे साधन सारे काही आपल्याच पोटात ठेवते, ते आरंभी सोयीचे वाटते आणि पुढे अडवते.

चौथा प्रश्न, त्याचा सांभाळ कोण करतो? एकट्या माणसाच्या उत्साहावर चाललेली चांगली साधने तो उत्साह ओसरल्यावर मागे पडलेली मी पाहिली आहेत. ज्याला वीस-तीस वर्षांचा इतिहास आहे, ज्याच्यामागे अनेक हात आहेत, ज्याच्या चुकांची नोंद उघडपणे ठेवली जाते, ते साधन थोडे रुक्ष असले तरी पत्करावे.

काही साधने, त्यांच्या गुणदोषांसह

ह्या कसोट्यांवर जी साधने माझ्यापुरती उतरली, त्यांचा परिचय करून देतो.

मराठी लिहिण्यासाठी आयबस आणि त्याला जोडलेला एम१७एन हा संच. त्यात मराठीसाठी इन्स्क्रिप्ट आणि रोमी उच्चारानुसारी, दोन्ही मांडण्या आहेत. इन्स्क्रिप्ट शिकण्यास पंधरा दिवस लागतात. पण ज्याला आयुष्यभर लिहायचे आहे त्याने ते पंधरा दिवस द्यावेत. काना, मात्रा, जोडाक्षर यांची उकल तीत वर्णमालेच्याच तर्काने होते.

संपादकांमध्ये व्हिम आणि ईमॅक्स ही दोन घराणी प्रसिद्ध. त्यांच्या अनुयायांतील वाद आपल्याकडील संगीत घराण्यांच्या वादांची आठवण करून देतात. व्हिमची चपळाई निर्विवाद आहे. परंतु ते बहुधा टर्मिनलच्या खिडकीत वापरले जाते आणि बहुतेक टर्मिनले प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीची चौकट देतात. मराठीची जोडाक्षरे तेथे विस्कटतात. ईमॅक्समध्ये देवनागरी लिहिण्याच्या मांडण्या आतच आहेत, आणि २०२० च्या आवृत्तीपासून हार्फबझ ही अक्षरे जोडणारी आज्ञावली तीत वापरता येत असल्याने मराठी सुघड दिसते. म्हणून इंग्रजी आज्ञा लिहिताना मी व्हिम वापरतो आणि मराठी लेख लिहिताना ईमॅक्स. अशी दुहेरी निष्ठा दोन्ही घराण्यांना मान्य होणार नाही, हे मी जाणून आहे.

शोधासाठी ग्रेप. हे साधन केन थॉम्प्सन यांनी १९७३ च्या सुमारास लिहिले. त्याची ब्रायन केर्निहन यांनी सांगितलेली जन्मकथा साहित्याच्या अभ्यासकाला रुचेल अशी आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने लिहिलेल्या काही जुन्या निनावी निबंधांचे कर्ते कोण, याचा छडा प्रयोगशाळेतील ली मॅक्महोन हे शब्दांवरून लावू पाहत होते. मजकूर संपादकात मावेना, म्हणून केवळ शोध घेणारे स्वतंत्र साधन थॉम्प्सन यांनी करून दिले. कर्तृत्वाचा प्रश्न मराठीच्या अभ्यासकाला नवा नाही. एखाद्या कवीच्या नावावरचे अभंग खरोखर त्याचेच की मागाहून त्याच्या नावावर घातलेले, ह्या वादात शब्दांची मोजदाद करण्यास असे साधन साहाय्य करू शकते. निर्णय मात्र अभ्यासकालाच द्यावा लागतो.

अक्षरजुळणीसाठी टेक. आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून असमाधानी झालेल्या डोनाल्ड क्नूथ ह्या प्राध्यापकाने १९७७-७८ पासून ती घडवली. जोनाथन क्यू यांच्या झीटेक ह्या रूपामुळे २००४ नंतर युनिकोडमधील मराठी तीत सरळ लिहिता येऊ लागले. आयआयटी मुंबईने सिद्ध केलेला शोभिका हा मुक्त फाँट तीत घातला की तळटिपा, सूची आणि संस्कृत अवतरणे असलेला प्रबंध नेटका छापून निघतो. दोष हा की ती शिकावी लागते, आणि चूक झाल्यास तिचे उत्तर रागीट परीक्षकासारखे असते. ज्याला चार पानांचे पत्र लिहायचे आहे त्याने लिबरऑफिसच वापरावे.

एका पद्धतीतला मजकूर दुसरीत नेण्यासाठी पॅनडॉक. हे २००६ मध्ये जॉन मॅक्फार्लेन ह्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने लिहिले. साधने घडवणारे सारेच अभियंते नसतात, ह्याचा दिलासा आम्हां भाषेच्या शिक्षकांना त्यातून मिळतो.

जुनी पुस्तके वाचून त्यांचा मजकूर करून देणारे टेसरॅक्ट हे एके काळी एका कंपनीच्या कपाटात पडून होते. २००५ मध्ये ते मुक्त झाले आणि त्यात आज मराठीही आहे. स्वच्छ छपाईवर ते उपयोगी पडते. जुन्या खिळ्यांच्या, शाई फुटलेल्या पानावर मात्र अनुस्वार आणि रफार यांच्या चुका पुष्कळ होतात. मुद्रितशोधनाला पर्याय नाही. अन्यथा आपण पुढच्या पिढीच्या हाती अशुद्ध प्रती देऊन मोकळे होऊ.

शेवटचे साधन सर्वांत साधे आणि मला सर्वांत जवळचे. आर-सिंक, १९९६ चे. ते एका जागेचा मजकूर दुसऱ्या जागी तंतोतंत उतरवते आणि पुढच्या वेळी बदललेला भाग तेवढा नेते. ग्रंथालयाची यादी आज तीन ठिकाणी असते. त्यांतील एक जागा तापीच्या पात्रापासून पुष्कळ दूर, खानदेशात आहे.

यादी पुन्हा वाचली गेली, ती अशी

तबकडीवरची यादी चार वर्षे तशीच पडून होती. २०१० च्या दिवाळीच्या सुट्टीत कोसाडच्या वसाहतीतील माझा एक विद्यार्थी, अहिराणी बोलणाऱ्या घरातला, वडील मागावर कामाला, घरी आला. संगणकाची त्याला गोडी होती. त्याला मी ती खिचडी दाखवली. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "सर, हे मोडलेले नाही. ही फक्त दुसरी लिपी आहे."

मग आम्ही दोघांनी पुरातून वाचलेली सत्तरेक पत्रे समोर ठेवली. यादीतल्या त्याच नोंदी शोधल्या आणि कोणत्या चिन्हामागे कोणते अक्षर आहे, याचा तक्ता करू लागलो. प्राचीन शिलालेख वाचणारे द्विभाषी लेखाच्या आधारे जे करतात, तेच काम हे. तक्ता झाल्यावर पर्ल ह्या भाषेत तीस-चाळीस ओळींची एक आज्ञावली त्याने लिहिली. पर्लचे कर्ते लॅरी वॉल हे भाषाविज्ञानाचे विद्यार्थी होते, हे मी त्याला सांगितले तेव्हा तो हसला. अडचणी व्याकरणाच्या होत्या. ऱ्हस्व वेलांटी जुन्या फाँटात अक्षराच्या आधी लिहिलेली, युनिकोडमध्ये ती नंतर हवी. 'स्थिती'सारख्या शब्दात तर तिला संपूर्ण जोडाक्षर ओलांडून न्यावे लागे. रफार उलट, जुन्यात म च्या मागून आणि नव्यात म च्या आधी. त्या मुलाने कधी न वाचलेले संधी आणि जोडाक्षरांचे नियम मी फळ्यावर मांडले आणि त्याने ते आज्ञांत उतरवले. माझ्या तीस वर्षांच्या अध्यापनातला तो सर्वांत सार्थ वर्ग होता, असे मला वाटते.

फेब्रुवारीत यादी वाचता आली. सुमारे तीनशे नोंदी तरीही बिघडलेल्याच राहिल्या. नानांना आम्ही पहिली छापील पाने नेऊन दिली. त्यांची दृष्टी तोवर मंदावली होती. त्यांनी विद्यार्थ्याला वाचायला सांगितले. एका नाटकाच्या प्रतीची नोंद आली: अमुक बाईंनी आपल्या सासूबाईंच्या स्मरणार्थ दिली, शेवटचे पान हाताने उतरवून जोडले आहे. नाना म्हणाले, "ते पान मी उतरवलंय." बाकी काही बोलले नाहीत.

पुढे ग्रंथालयाने ती यादी कोहा ह्या मुक्त प्रणालीत नेली. न्यूझीलंडमधील होरोफेनुआ येथील ग्रंथालयांनी, त्यांची जुनी संगणकप्रणाली २००० साल ओलांडणार नाही म्हणून, ती करवून घेतली आणि जानेवारी २००० मध्ये वापरात आणून सर्वांना खुली केली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, परतफेडीची जाणीव जिच्यात अभिप्रेत असते अशी. तिच्यातील नोंदी मार्क ह्या ग्रंथालयांच्या सर्वमान्य पद्धतीत बाहेर काढता येतात. म्हणजे उद्या कोहा सोडावी लागली तरी यादी आपलीच राहते. तथापि ती चालवण्यास जाणता माणूस आणि नित्याची देखभाल लागते. हजार-दोन हजार पुस्तकांच्या लहान ग्रंथालयाने तिच्या मागे न लागता यूटीएफ-८ मधील एक साधी यादी नीट ठेवावी, हे मी आग्रहाने सांगेन. मुक्त म्हणजे विनाश्रम नव्हे. परवान्याचे पैसे वाचतात, ते माणूस शिकवण्यावर खर्च करावे लागतात.

दोन रूपांत लिहिलेले 'दुसऱ्या' आणि 'ॲ' आम्हाला ह्या स्थलांतराच्या वेळीच सापडले. जुनी यादी एका रूपात आणि नव्या नोंदी दुसऱ्या रूपात झाल्या होत्या. 'दुसऱ्या' शब्दाने शोधले असता अर्धीच पुस्तके दिसत. सर्व नोंदी एका रूपात आणून मगच सूची वाचकांना खुली केली. त्या तीनशे बिघडलेल्या नोंदी आजही एका वहीत वेगळ्या ठेवल्या आहेत. कपाटातल्या पुस्तकांशी ताडून दरवर्षी काही सुटतात. ज्यांची पुस्तके पुरात गेली, त्या बहुधा सुटणार नाहीत.

शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी पहिले पुस्तक दाखल करून पहिली नोंद लिहिली, त्यांना शाई आणि दौत यांवर विसंबता आले. ती नोंद वाचायला कोणाची परवानगी लागत नव्हती. पुढच्या शंभर वर्षांच्या नोंदी आपण यंत्राच्या स्वाधीन करीत आहोत. त्या उघडण्याची किल्ली ग्रंथालयाच्याच खणात राहील, एवढी दक्षता घेणे हे आजच्या कार्यकारी मंडळाचे आणि आपणां सर्व सभासदांचे कर्तव्य आहे. तो विद्यार्थी आता नोकरीनिमित्त पुण्यास असतो. यादीची आज्ञावली त्याने ग्रंथालयाला लिहून दिली आहे. तिची छापील प्रत पहिल्या दाखल-नोंदवहीच्या शेजारी, वरच्या मजल्यावरील कपाटात ठेवली आहे. ज्यांना ती पाहावयाची असेल त्यांनी ग्रंथपालांकडे मागावी.